आधी पाण्याचा ताळा जुळव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल सोमवारी रात्री वाचली, मंगळवारी सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. अलास्काच्या टुंड्रातलं, म्हणजे उत्तरेच्या बिनझाडांच्या थंड माळरानातलं, पाणी आणि कार्बन यांचं संगणकावरचं मॉडेल, पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरच्या संशोधनाचा) दोन वर्षांचा करार, ऑक्टोबरात अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात हजर व्हायचं. फार आनंद झाला. पण शेवटी तू जे लिहिलंस ते मनाला लागलं. "ताई, माझी पीएचडी कृष्णेच्या खोऱ्यातल्या पुराची. कार्बनमधलं मला काही येत नाही. त्यांनी मला चुकून तर घेतलं नाही ना?"

चुकून घेतलेलं नाही. कार्बनची बाजू तू सहा-आठ महिन्यांत शिकशील. पाणी उतारावरून कसं निघतं, कुठं अडतं, कुठं जिरतं हे अंगी मुरायला मात्र वर्षं लागतात, आणि ती तू घालवून आलेली आहेस. ध्रुवीय भागातल्या कार्बनचा हिशेब आज जिथं अडून बसलाय ते ठिकाण पाण्याचंच आहे. तुला एवढं पटलं तरी मला पुरे. बाकीचंही लिहिते, कारण पहिल्या हिवाळ्यात मराठीतून विचारायला जवळ कोणी नसेल.

उत्तर गोलार्धातल्या पर्माफ्रॉस्टच्या पट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचा थर वर्षानुवर्षं गोठलेलाच असतो तिथं, मातीत अंदाजे १४६० ते १६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठून आहे. हवेत आज जेवढा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. हजारो वर्षांची मेलेली मुळं, शेवाळ, गवत, सगळं थंडीमुळे कुजायचं राहून गेलेलं. आता तो भाग तापतोय, १९७९ पासूनचा हिशेब धरला तर जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं. माती वितळली की सूक्ष्मजीव जागे होतात आणि खायला लागतात. इथपर्यंत तुला कोणीही सांगेल. प्रश्न पुढचा आहे. ते खात असतात तेव्हा मातीत हवा असते की पाणी? हवा खेळत असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भराभर निघतो. माती पाण्यानं तुडुंब असेल तर कुजणं मंदावतं, पण त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट तापवतो. तीच माती, तेच तापमान. पाण्याची पातळी वीतभर वर की वीतभर खाली, एवढ्यावर उत्तर फिरतं.

मग मॉडेलं या पातळीबद्दल काय म्हणतात? २०२० मध्ये पर्माफ्रॉस्ट भागातल्या ओलाव्याबद्दल वेगवेगळ्या मॉडेलांची तुलना छापून आली. पाऊस वाढणार, नद्यांना पाणी वाढणार, यावर साधारण एकमत. तरीही बहुतेक मॉडेलांत वरची माती पुढे सुकत जाते, कारण बर्फाची पातळी खोल गेली की पाण्याला खाली उतरायला वाट मिळते आणि वरून बाष्पीभवनही वाढतं. किती सुकते, यावर मात्र एका मॉडेलचं दुसऱ्याशी पटत नाही. तो निबंध विमानात बसायच्या आधी दोनदा वाच. तुझी दोन वर्षं त्यातच जाणार आहेत.

आपण दोघी साताऱ्याकडच्या, म्हणून पुढचं सांगायला मला सोपं जातं. जुलैत कासच्या पठारावर पाय ठेवला की पाणी बुटात येतं. वीतभर माती, खाली जांभा. पाण्याला जिरायला जागा नाही, म्हणून ते वरच पसरून राहतं आणि त्या ओलीवर ती सगळी फुलं येतात. टुंड्राचं तसंच. उत्कियाग्विक हे अलास्काच्या अगदी उत्तर टोकाचं गाव. तिथं वर्षभराचं पावसाचं आणि हिमाचं मोजलेलं पाणी दीडशे मिलिमीटरच्या आत, आपल्या माण-खटावपेक्षा कितीतरी कमी. आकडा बघून कोणीही वाळवंट म्हणेल. पण उन्हाळ्यात तिथं चालायला लागलीस की घोट्याएवढं पाणी. खालचं बर्फ म्हणजे तिथला कातळ. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' यातलं अडवायचं काम तिथं बर्फानं करून ठेवलंय, जिरवायची सोय मात्र नाही. आपला कातळ जागचा हलत नाही. तिथला दर उन्हाळ्यात खाली सरकतो आणि दर हिवाळ्यात पुन्हा वर येतो, आणि अलीकडे वर्षागणिक थोडा जास्तच खाली जाऊ लागलाय.

उंचावरून पाहिलंस तर आणखी ओळखीचं दिसेल. भातखाचरं! खरोखर तशीच: दहा ते तीस मीटर रुंदीचे चौकोनी-पंचकोनी तुकडे, प्रत्येकाला भोवतीनं उंच कडा, मध्ये पाणी. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात भेगांत वितळलेलं पाणी उतरून गोठतं, पुढच्या हिवाळ्यात तीच भेग पुन्हा उघडते. शेकडो-हजारो वर्षं हे चालत राहिलं की जमिनीत बर्फाच्या पाचरी तयार होतात आणि त्यांच्या दाबानं कडा वर उचलल्या जातात. हे झाले बांध. मधल्या साचलेल्या पाण्यात जे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात तेच भाताच्या खाचरातही असतात, आणि गवताच्या पोकळ देठांतून तो वायू वर येतो, भातातल्यासारखाच.

आता बर्फाची पाचर वरून वितळायला लागली की बांधालगतची जमीन खचते, तिथं चर पडतो, आणि असे चर एकमेकांना मिळाले की सगळ्या खाचरांचं पाणी त्यांतून निघून जातं. मधला भाग कोरडा पडतो, चरात पाणी साचतं. जिथं मिथेन निघत होता तिथं आता कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि जिथं काही नव्हतं तिथं मिथेन. उंचीतला फरक गुडघ्याएवढासुद्धा नसतो. आणि तुझ्या जागतिक मॉडेलचा एक चौकोन असतो पन्नास किंवा शंभर किलोमीटर रुंदीचा! त्यात अशी लाखो खाचरं, आणि मॉडेल त्या सगळ्यांना मिळून पाण्याची एक पातळी देतं. शिवाय मॉडेलमधला मातीचा स्तंभ फक्त उभा असतो. शेजारच्या स्तंभाला तो पाणी देत नाही, आणि आतलं बर्फ वितळलं तरी त्याची जमीन खचत नाही. हे तुला पहिल्याच आठवड्यात खटकेल. खटकू दे. बाकीच्यांना त्याची सवय झालेली असते.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिला उन्हाळा हातचा जाऊ देऊ नकोस. "मी मॉडेलवाली, मला शिवारात काय काम," असं म्हणू नकोस आणि कोणाला म्हणू देऊ नकोस. मी गेले होते तेव्हा मला एक पोलादी सळई दिली होती, बोटापेक्षा बारीक, वर आडवी मूठ, अंगावर सेंटीमीटरच्या खुणा. वितळलेल्या थराची खोली मोजायची जगभर ठरलेली एक पद्धत आहे, १९९१ पासून चालू असलेली. जमिनीवर आखलेली जाळी, ११ गुणिले ११, म्हणजे १२१ ठिकाणं. उन्हाळा सरताना प्रत्येक ठिकाणी सळई टोचायची. शेवाळातून ती लोण्यात जावी तशी जाते. मग माती लागते, हाताला थोडा जोर द्यावा लागतो. मग एकदम टक्. तो आवाज कानापेक्षा मनगटाला आधी कळतो. ते बर्फ. दगडाला लागली तर आवाज वेगळा, कोरडा. दोन दिवसांत फरक ओळखता येतो. मी वहीत आकडे लिहीत गेले: ३४, ३१, ४७, २९, ५२. एकाच हातानं, एकाच दुपारी, पाच-दहा पावलांच्या अंतरानं. डासांच्या जाळीतून घाम पुसता येत नव्हता. पण संध्याकाळी वहीतली ती पानं बघताना पहिल्यांदा कळलं की माझ्या मॉडेलमधला '३८' हा आकडा त्यांतल्या कुठल्याच जागेचा नाही. नंतर मी मॉडेलमध्ये कधीही सरासरी लिहिली की त्या पानांची आठवण होते, आणि सरासरीच्या शेजारी पसारा किती हेही मी लिहिते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते, म्हणजे तुझे पाच महिने वाचतील. पहिल्या पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षी माझ्या मॉडेलमधला उन्हाळ्याचा कार्बन टॉवरच्या, म्हणजे जमीन आणि हवा यांच्यातली कार्बनची देवघेव मोजणाऱ्या मनोऱ्याच्या, मोजमापांशी सुरेख जुळला. मी आलेख छापून भिंतीला लावला. पेपरचा मसुदाही तयार होता. एका बैठकीत शेजारच्या गटातल्या बाईंनी सहज विचारलं, "पाण्याची पातळी कुठे आहे?" मी पाहिलीच नव्हती. पाहिली तेव्हा मॉडेलमध्ये ऑगस्टात पाणी हातभर खाली होतं, आणि प्रत्यक्षात त्याच जागी मी गमबूट घालून उभी राहिलेले होते. झालं होतं असं की मॉडेलची माती नको तितकी कोरडी, म्हणून तिच्यात कुजणं जास्त. ते आकड्यांशी जुळवताना मी कुजण्याचा वेग खाली खाली आणत गेले होते. एका चुकीनं दुसरीला पोटात घातलं होतं. आजच्या वर्षासाठी उत्तर बरोबर येत होतं, पण तेच मॉडेल पन्नास वर्षं पुढे नेलं असतं तर त्यानं काहीही सांगितलं असतं. मसुदा बाजूला ठेवला. बर्फावरून आडवं निघून जाणारं पाणी, शेवाळाची पाणी धरायची ताकद, हे सगळं परत बसवायला पाच महिने गेले. आलेख आधीइतका सुंदर आला नाही. पण तो खरा होता.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम सांगते. आधी हिम किती पडलं ते बघ. मग ते कधी वितळलं. मग नदीला किती पाणी आलं. मग मातीतली पातळी, मग मातीचं तापमान. एवढ्याचा ताळा जुळला की कार्बनला हात घाल. घाई करणारे उलट जातात, कारण पैसे कार्बनच्या नावानं मिळालेले असतात.

यातली पहिली पायरीच निसरडी आहे. तिकडे हिम सरळ पडत नाही, आडवं उडतं. वारा जोराचा असला की मापकाच्या तोंडावरून निघून जातं, आणि कधीकधी निम्म्याहून अधिक हिम नोंदलंच जात नाही. म्हणजे जमेची बाजूच कमी लिहिलेली, आणि आपण खर्चात चूक शोधत बसतो. तुझ्या मॉडेलला जे हवामान पुरवणार आहेत ते कुठल्या मापकांवरून आलंय आणि त्यात ही दुरुस्ती केलीय का, हे पहिल्या महिन्यात विचार. कोयनेच्या पाणलोटात पर्जन्यमापकांवरून तू जे भांडण केलं होतंस तेच इथं करायचं आहे.

नदीचंही तसंच. उत्तर अलास्कातल्या कुपारुकसारख्या नदीचं वर्षाचं बरंचसं पाणी मे अखेर ते जून या थोड्या आठवड्यांत निघून जातं. जमीन अजून गोठलेली, वरचं हिम वितळलेलं, पाणी जिरणार कुठं? नेमक्या त्याच दिवसांत नदीवरचं बर्फ फुटत असतं, ओंडक्यांसारखे तुकडे अडकून पाणी तुंबतं, उपकरणं वाहून जातात. म्हणजे ज्या आठवड्याचा आकडा सर्वांत महत्त्वाचा तोच सर्वांत कच्चा. आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्राच्या पाण्याचा जेमतेम एक टक्का, पण जगातल्या नद्यांचं सुमारे ११ टक्के पाणी तिथं उतरतं, आणि त्यासोबत वर्षाला अंदाजे ३४ दशलक्ष टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन. चहाच्या रंगाचं पाणी असतं ते. टॉवर हवेत गेलेला कार्बन मोजतो. या वाटेनं गेलेला त्याला दिसत नाही. जमिनीचा हिशेब करताना हा खर्च लिहायला विसरू नकोस. पुष्कळांनी विसरलेला आहे.

पाण्याचं दुसरं रूप उष्णतेचं. एक किलो बर्फ नुसतं वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. म्हणून शरदात ओली माती गोठताना ती सगळी उष्णता बाहेर टाकत राहते, आणि हवा उणे वीस झाली तरी मातीचं तापमान शून्याजवळ चिकटून बसतं, आठवडेच्या आठवडे. त्या काळात आत सूक्ष्मजीव चालूच असतात. पूर्वी आम्ही हिवाळा बंद दुकानासारखा धरत असू. २०१९ मध्ये पर्माफ्रॉस्ट भागातल्या हिवाळी मोजमापांवरून अंदाज आला की ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये १.६६ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, आणि उन्हाळ्यात झाडझाडोरा आत घेतो तो सुमारे १.०३ अब्ज टन. त्या आकड्यांभोवती अनिश्चितता मोठी आहे. तरीही हिवाळा रिकामा धरून चालणार नाही, हे पक्कं झालं.

इथं मोजमापांची एक फसगत माहीत असू दे. टॉवरवरचा उघडा गॅस-मापक विजेवर चालतो आणि थोडा गरम होतो. कडाक्याच्या थंडीत त्याच्या वाटेतली हवा भोवतालच्या हवेपेक्षा किंचित उबदार, म्हणजे विरळ होते, आणि हिशेबात असं दिसतं की जमीन कार्बन शोषून घेतेय. कित्येकांनी ते आकडे खरे धरले. मी त्या आकड्यांवर मॉडेल बसवायला निघाले होते तेव्हा टॉवर सांभाळणारे एक वयस्क तंत्रज्ञ म्हणाले, "अंधार आहे, उणे तीस आहे. हा कार्बन खातंय कोण?" २००८ च्या सुमारास त्यावरची दुरुस्ती छापून आली. जुना डेटा वापरशील तेव्हा ती केलेली आहे की नाही ते बघ. आणि कुठलाही आलेख समोर आला की तोच प्रश्न विचार: हे करतंय कोण?

आता मॉडेलबद्दल. तुझ्या गटात कम्युनिटी लँड मॉडेल (जमिनीवरचं पाणी, उष्णता, कार्बन यांचा हिशेब करणारं) वापरतात असं तू लिहिलंस. त्याचा एक जुना प्रसंग तुला ठाऊक हवा. २००५ मध्ये डेव्हिड लॉरेन्स आणि अँड्र्यू स्लेटर यांनी त्या मॉडेलवरून लिहिलं की वरच्या थरातला बहुतेक पर्माफ्रॉस्ट २१०० पर्यंत जाईल. मोठी खळबळ झाली. पर्माफ्रॉस्टवर आयुष्य काढलेल्या लोकांनी हरकत घेतली: मॉडेलमधली जमीन फक्त ३.४३ मीटर खोल आहे! ऋतूंची ऊबथंडी प्रत्यक्षात दहा-वीस मीटरपर्यंत उतरते, आणि त्याखालच्या गार जमिनीचा आधार वरच्या थराला असतो. तळ इतका उथळ धरला तर वरचा थर वितळणारच. शिवाय वरचं शेवाळ आणि कुजकट थर मॉडेलात नव्हता. तो थर उन्हाळ्यात कोरडा असतो तेव्हा रजईचं काम करतो, आणि हिवाळ्यात ओला गोठला की उष्णता सहज बाहेर जाऊ देतो, कारण बर्फ पाण्याच्या सुमारे चौपट उष्णता वाहतं. त्या दोघांनी हरकत मनाला लावून घेतली नाही, मान्य केली. तळ खोल नेला, सेंद्रिय थर घातला, आणि आपलंच आधीचं उत्तर पुन्हा तपासून छापलं. वितळण्याचा वेग कमी आला; पण नुकसान मोठंच राहिलं. मला या प्रसंगाबद्दल फार आदर आहे. शिवारातले आणि संगणकावरचे एकमेकांशी भांडले आणि मॉडेल सुधारलं. तुझ्यावर अशी हरकत येईल तेव्हा ती आधी वहीत उतरवून घे, उत्तर दुसऱ्या दिवशी दे.

त्या मॉडेलमध्ये काळाच्या दर पावलाला पाण्याचा ताळेबंद तपासला जातो, आणि चुकला की मॉडेल थांबतं. पहाटे तीनला थांबेल, मुदतीच्या आदल्या दिवशी थांबेल. कोणीतरी सांगेल की तेवढी तपासणी बंद कर, काम चालू होईल. ते करू नकोस. तुझ्या बाजूनं बोलणारी त्या अख्ख्या कोडमधली ती एकच ओळ आहे.

दुसरं म्हणजे सुरुवातीची स्थिती. मातीतला कार्बन स्थिर व्हावा म्हणून मॉडेल हजारो वर्षं त्याच हवामानात फिरवतात. पण सायबेरियात आणि अलास्कात हिमयुगात साठलेली बर्फाळ, कार्बननं भरलेली माती आहे, येडोमा म्हणतात तिला. ती आजच्या हवामानात तयार झालेलीच नाही. तिला समतोलात धरणं म्हणजे आजोबांनी ठेवलेली ठेव आपल्या पगारातून साठली असं दाखवणं. याला सोपा तोडगा नाही. तू काय धरलंस ते पेपरात पहिल्याच पानावर लिही.

आणखी एक कठीण गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यापासून रशियातल्या केंद्रांशी पाश्चात्य संस्थांचा व्यवहार तुटला आहे. आर्क्टिकच्या जमिनीचा केवढा मोठा भाग तिकडे आहे तो नकाशात बघ. लेना, येनिसेई, ओब, कोलिमा या सगळ्या तिकडच्या नद्या. १९३६ ते १९९९ या काळात युरेशियातल्या सहा मोठ्या नद्यांचं पाणी ७ टक्क्यांनी वाढलं, हे आपल्याला कळलं ते तिथल्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतही नद्या मोजत ठेवल्या म्हणून. आता अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया यांच्या आकड्यांवर मॉडेल बसवून ते सायबेरियालाही लावलं जाईल. तुझ्या निष्कर्षाची हद्द कुठं संपते ते दर वेळी स्पष्ट लिही.

तू अंटार्क्टिकाबद्दलही विचारलंस. तिथल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत ओढे उन्हाळ्याचे मोजके आठवडे वाहतात, झाडझाडोरा नाही, पाण्याचं गणित स्वच्छ मांडता येतं. शिकायला सुंदर जागा. पण जमिनीतल्या कार्बनची चिंता उत्तरेला आहे. दोन वर्षांत दोन्ही ध्रुव होत नाहीत.

माणसांबद्दल लिहायचं राहिलं तर मला चैन पडणार नाही. उत्कियाग्विकच्या आसपासची बरीच जमीन इन्युपियाट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या संस्थेची आहे. तू तिथं पाहुणी. त्यांच्याकडे गोठलेल्या जमिनीत खणलेली तळघरं असतात, देवमाशाचं मांस ठेवायची. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली काही तळघरं आता ओलावतात, पाण्यानं भरतात. नैऋत्य अलास्कातलं न्यूटोक नावाचं, युपिक या दुसऱ्या मूळ रहिवाशांचं गाव तर जमीन वितळून आणि नदीनं कापून काढल्यामुळे दुसरीकडे, मर्तारविकला, हलवावं लागलं. धरणाखाली गेलेली गावं आपल्याकडे आहेत, त्यामुळे गाव उठणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. कोणी तुला चहाला बोलावलं तर जा, आणि आधी ऐक. हिम कधी पडायचं, तळं कुठल्या वर्षी आटलं, ही माहिती त्यांच्याकडे आहे आणि तुझ्या फाइलींत नाही.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. निघण्याआधी तुझ्या मार्गदर्शकांना मोकळेपणानं विचार: संगणकाचे तास किती, शिवारातला डेटा कोणाच्या ताब्यात, उन्हाळी दौऱ्याचे पैसे प्रकल्पात धरलेत का, पहिल्या पेपरवर पहिलं नाव कोणाचं. विचारण्यात उद्धटपणा नाही. दोन वर्षं फार लवकर जातात. पहिला पेपर एका जागेचा, एका प्रश्नाचा असू दे. एका खाचराचा असला तरी चालेल. संपूर्ण आर्क्टिकचा पेपर दुसऱ्या वर्षी मैत्रिणींसोबत लिही.

फेअरबँक्सला डिसेंबरात दिवस चार तासांपेक्षाही लहान होतो. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या तोंडातून विजेची वायर लोंबताना दिसेल. इंजिन गोठू नये म्हणून गाड्या रात्रभर प्लगला लावतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं की माणसांनाही अशी वायर हवी. दुपारी बारा ते एक रोज बाहेर चालत जा, काम कितीही असलं तरी. रविवारी घरी फोन कर आणि आईला "सगळं छान" एवढंच सांगू नकोस, तिला कळतं. जानेवारीत सगळं व्यर्थ वाटायला लागलं तर मला लिही. तो महिना बहुतेकांना तसा जातो, आणि त्या महिन्यात नोकरी सोडायचा निर्णय कोणी घेऊ नये.

परत यायचं की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू ऑलेसुंडला २००८ पासून आपलं 'हिमाद्री' केंद्र आहे, आणि तिथल्या फ्योर्डमध्ये (समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत) २०१४ पासून आपली उपकरणं पाण्याखाली आहेत. लडाखमध्येही पर्माफ्रॉस्ट आहे, आणि तिथल्या जमिनीखालच्या पाण्याकडे बघणारे हात थोडे आहेत. तू शिकून येशील ते इथं उपयोगी पडेल. पण आधी शीक.

निघायच्या आधी, पाऊस आहे तोवर आणि फुलांची गर्दी सुरू व्हायच्या आत, एक दिवस कासला जाऊन ये. वाट सोडून आत जाऊ नकोस, काही टोचू-खणू नकोस. वाटेवर उभी राहून पाणी कुठं उभं आहे, कुठं हलतंय आणि कुठल्या बोटभर उंचवट्यामुळे ते वळलंय, एवढं बघ. एक पान चितार आणि त्याचा फोटो मला पाठव. बाण काढायला विसरू नकोस.

तुझी,
ताई